कराचीचे बेने इस्राएल: आडनाव, मशीद आणि परमुलखातील जिव्हाळा

बेने इस्राएल हा कोकणात शतकानुशतके मुरलेला मराठी भाषक यहुदी समाज असून, नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटल्यावर वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला विस्तार झाला, असे त्याची परंपरा सांगते. तेलाचा घाणा हा या समाजाचा जुना धंदा होता, आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळताना त्या दिवशी घाणा बंद राहत असल्यामुळे गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. अठराव्या शतकात या समाजातील तरुण मुंबईच्या पलटणींत शिरले आणि त्यांतील कित्येक देशी अधिकाऱ्याच्या हुद्द्यापर्यंत चढले. पुढे मिशनच्या शाळांतून इंग्रजी शिकलेली पिढी कचेऱ्यांकडे वळली. मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, ही घटना या समाजाच्या बौद्धिक जडणघडणीत फार मोलाची आहे, कारण धर्माच्या भाषेपर्यंत जाण्याची वाट त्यामुळे घरच्या भाषेतूनच मोकळी झाली.

याच शिकलेल्या तरुणांपैकी काहींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कराचीची वाट धरली. सिंध प्रांत 1847 साली मुंबई इलाख्याला, म्हणजे मुंबई सरकारच्या अखत्यारीतील मुलखाला, जोडला गेला होता, बंदर वाढत होते, 1861 साली कराची ते कोटरी रेल्वे सुरू झाली होती, आणि रेल्वे, टपाल, बांधकाम खाते व नगरपालिका यांना लिहिता-वाचता येणारी, हिशेबात चोख माणसे हवी होती. कागदोपत्री ही बदली एकाच इलाख्यातली. पण रोजच्या जगण्यात तो परमुलूखच होता, कारण बाजारात सिंधी चाले, कचेरीत इंग्रजी, आणि मराठी उरे ती घराच्या उंबऱ्याआत. सरकारी हद्द आणि भाषेची हद्द एकमेकींशी जुळत नाहीत, हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको: 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, किनवट आणि राजुरा हे तालुके त्या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले, तरी मागे राहिलेल्या कित्येक घरांतली भाषा मराठीच राहिली. कराचीत हेच आधी घडले होते, कारण 1 एप्रिल 1936 रोजी सिंध वेगळा प्रांत झाला आणि तिथला मराठी कारकून जागचा न हलता परप्रांतीय ठरला.

1881च्या खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत, संपूर्ण सिंधमध्ये यहुद्यांची संख्या अवघी 153 होती. एवढ्या थोड्या माणसांत ओळख आपोआप होते असे वाटणे साहजिक आहे, पण निरनिराळ्या गावांतून, निरनिराळ्या खात्यांत आलेल्या तरुणांना जोडणारा धागा लागतोच, आणि तो त्यांच्या आडनावात होता. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, अशी शंभराहून अधिक गावांची नावे या समाजाने मूळ गाव सुटल्यावरही जपली होती. सॅम्युएल किंवा डेव्हिड या नावावरून माणसाचा धर्म कळे. त्याचे गाव, त्याचे सोयरे आणि त्याच्याशी आपले काही नाते लागते की नाही, हे मात्र आडनाव उच्चारल्यावरच उलगडे. जुळणी करण्याबरोबर हीच ओळख माणसे वेगळीही करी, कारण ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असा भेद या समाजात होता आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नसे. ज्या समाजाला परक्या शहरात एकेक माणूस मोलाचा होता, त्याने हा भेदही कोकणातून सोबत आणावा, ही त्याच्या इतिहासातील दुखरी जागा होय.

सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, हा यहुदी धर्माचा नियम विखुरलेल्या नोकरदारांना एकत्र आणण्यास पुरेसा होता. यहुदी प्रार्थनामंदिराला सिनॅगॉग म्हणतात, पण बेने इस्राएलांच्या बोलीत त्याला ‘मशीद’ असाच शब्द आहे. कराचीतील मागेन शालोम ही मशीद 1893 साली उभी राहिली, आणि ती नगरपालिकेत सर्वेक्षकाचे काम करणारे सॉलोमन डेव्हिड उमर्डेकर यांनी स्वखर्चाने बांधली. एका नोकरदाराची ही दानत आहे, हे विसरता कामा नये. मशिदीचा कारभार पाहणारा मुकादम, खजिना सांभाळणारा गबाई, प्रार्थना चालवणारा हजान आणि देखभाल करणारा समाश ही पदे कोकणातल्या आणि मुंबईतल्या रिवाजाप्रमाणेच होती.

मशिदीइतकाच जिव्हाळा मलिद्याने जोडला. मलिदा म्हणजे एलियाहू हन्नबी, अर्थात प्रेषित एलिया, यांच्या स्मरणार्थ नवस फेडताना किंवा लग्नासारख्या मंगल प्रसंगी घरी केला जाणारा विधी. धुऊन मऊ केलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, खवलेले ओले खोबरे व वेलची कालवून परातीत त्याची रास करतात, भोवती फळे मांडतात, सब्ज्याची सुवासिक पाने ठेवतात, आणि हिब्रू प्रार्थनेनंतर तो प्रसाद जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर येतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाच्या रथाची खूण कातळावर उमटली आहे, अशी श्रद्धा असल्याने या विधीत कोकणची भूमीच जणू घरात उतरे. एकट्याने आलेल्या कारकुनाला दुसऱ्याच्या घरात आप्त म्हणून पाऊल ठेवण्याची संधी अशा प्रसंगीच मिळत असणार.

विसाव्या शतकात या आपुलकीला संस्थांचे रूप आले. 1903 साली तरुणांची यंग मेन्स ज्युइश असोसिएशन स्थापन झाली आणि धर्मकार्यासोबत खेळ व मेळावे तिच्या कार्यक्रमात आले. गरजूंसाठी मदतनिधी उभा राहिला, आणि 1918 साली कराची ज्युइश सिंडिकेट या संस्थेने गरीब यहुद्यांना रास्त भाड्यात घरे मिळवून देण्याचे काम हाती घेतले. या तिन्हींत शेवटचे काम सर्वांत दूरदृष्टीचे होते, कारण परवडणाऱ्या भाड्याचे घर असल्याशिवाय नोकरदाराला कुटुंब आणता येत नाही, आणि कुटुंबे आल्याशिवाय ओळखींची सोयरीक होत नाही. 1930च्या दशकात अब्राहम रूबेन हे कराचीच्या महापालिकेत सदस्य होते, इतका हा समाज त्या शहरात रुजला होता.

1947ची फाळणी आणि 1948 साली झालेली इस्रायलची स्थापना यांनंतर बहुतेक कुटुंबे भारतात किंवा इस्रायलला गेली. कराचीची मागेन शालोम 1988 साली पाडण्यात आली. तिथल्या मेवाशाह दफनभूमीतील बेने इस्राएलांच्या थडग्यांवर हिब्रू आणि इंग्रजीबरोबर मराठी अक्षरे आहेत. कराचीहून इस्रायलला गेलेल्यांनी रामले या गावी नवी मशीद बांधली आणि तिचे नाव मागेन शालोम असेच ठेवले.