लुई घरी येतो

धान कापून झालं आहे. भंडाऱ्याजवळ कारध्याच्या शिवारात एका बांधीत पेंडाल पडलाय, रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि तुम्ही तणसावर चादर अंथरून बसला आहात. मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, आलेल्या लेकी, जावई, पाहुणे सगळे इथेच. वैनगंगेवरून गार वारा येतो, त्यात मधूनच रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर. शेजारची आजी दटावते, "सरकून बस ना गा, मले दिसत नाही." मंचासमोर खाली ऑर्गन आणि तबला. नाटक पहाटेपर्यंत चालणार.

तुमची नजर मात्र विंगेत अडकली आहे. तिथे प्रॉम्प्टर वही धरून बसलाय. नायिकेला रडू फुटण्याच्या जरा आधी तिचं वाक्य त्याच्या ओठांवर येतं. एका हंगामात नटांच्या अंगावर इतकी नाटकं असतात की सगळा भार त्या वहीवर. आणि ज्यांची वहीच नव्हती? झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या, किती दंडारी, किती लोकनाट्यं अशी गेली! करणारा गेला, त्याच्या तोंडात होतं तेही गेलं.

प्रॉम्प्टर बोट ओलं करून पान उलटतो. पान मागे जातं, त्याच्यामागे आणखी एक.

सावनेर, 23 जानेवारी 1919. इथून फार लांब नाही, नागपूरच्या पलीकडे. तुम्ही उंबऱ्याशी उभे आहात. घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. राम गणेश गडकरी क्षयानं गेले आहेत, वय 33. 'भावबंधन' नुकतंच हातावेगळं झालं होतं, 'राजसंन्यास' अपुरंच राहिलं. 'एकच प्याला' लिहून झालंय, पण रंगमंचावर ते त्यांना दिसलं नाही. महिनाभरात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळी त्याचा पहिला प्रयोग करील, सिंधू होतील बालगंधर्व. लेखक गेला तरी मंडळी उभी होती, संहिता त्यांच्या हातात होती. म्हणून आज सुधाकर आणि सिंधू तुम्हाला ठाऊक आहेत. हे नशीब प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

पानं आता पुढे सरकतात. फेब्रुवारी 1989, म्हापसा. जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या एका खोलीत डॉमिनिक डिसोझा एकटा आहे. हौशी रंगभूमीवरचा नट. त्यानं रक्तदान केलं, रक्तात एचआयव्ही सापडला, आणि पोलीस त्याला घेऊन आले. गुन्हा काहीच नाही. तेव्हाच्या गोव्याच्या आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवायची तरतूद होती. तुम्ही दाराबाहेर थांबता. आत जायला पाऊल उचलत नाही. ही भीती त्या दिवसांत साऱ्या देशाची होती. त्याची आई हायकोर्टात जाते. 64 दिवसांनी तो बाहेर येतो, आपल्यासारख्यांसाठी संघटना उभी करायला लागतो आणि मे 1992 मध्ये जातो. त्यानं पुढे कोणत्या भूमिका केल्या असत्या, हे कुठल्याही वहीत सापडणार नाही.

आता जरा लांबचं पान. बर्लिन, 1990. टेबलाशी ज्याँ-लुक लागार्स. हाही 33 वर्षांचा. पूर्व फ्रान्समधल्या कामगार घरातला मुलगा, बेझांसोंमध्ये स्वतःची नाटक मंडळी चालवणारा. आपल्याला एचआयव्ही आहे हे त्याला 1988 पासून माहीत आहे. तो लिहितोय 'जुस्त ला फँ द्यू माँद', म्हणजे 'फक्त जगाचा अंत'. खांद्यावरून वाचा, तो रागावणार नाही.

लुई नावाचा लेखक बऱ्याच वर्षांनी रविवारी घरी येतो. आपण लवकरच मरणार, हे घरच्यांना सांगायला. प्रेक्षकांना तो हे पहिल्याच स्वगतात सांगून टाकतो. घरच्यांना मात्र काहीच ठाऊक नाही. कारध्याच्या पेंडालमध्ये हे लागलं तर मागून कोणीतरी नक्की ओरडेल, "सांगून टाक ना गा!" पण सांगायला जागाच मिळत नाही. आई पूर्वीच्या रविवारी सगळे गाडीतून फिरायला जायचे ते आठवत बसते. धाकटी सुझानची तक्रार, की इतक्या वर्षांत तू नुसती पोस्टकार्डं धाडलीस, त्यावर दोन-चार शब्द. वहिनी दबकत सांगते, की आम्ही पोराचं नाव लुईच ठेवलंय. घरी राहिलेला भाऊ अंत्वान सारखा चिडतो, कारण घर त्यानं सांभाळलं आणि वाट पाहिली गेली दुसऱ्याची. संध्याकाळी लुई निघून जातो. न सांगता. एड्स हा शब्द नाटकात एकदाही येत नाही. मला ते त्याचं सगळ्यात मोठं बळ वाटतं, कारण रोग बाजूला सारला की उरतं ते घर, आणि ते तुमच्या ओळखीचं निघतं.

लागार्स जिवंत असेपर्यंत हे नाटक कोणी केलं नाही. त्याला दिग्दर्शक म्हणून मान होता, लेखक म्हणून फारसा नाही. त्यानं हीच गोष्ट पुन्हा हाती घेतली, तिच्यातून 'ल पेई ल्वँतँ' (दूरचा देश) लिहिलं, आणि ते संपल्यावर थोड्याच दिवसांत, 30 सप्टेंबर 1995 ला, दुसऱ्या एका नाटकाच्या तालमी चालू असताना तो गेला. वय 38. पुढच्याच वर्षी, 1996 मध्ये, तीन औषधं एकत्र द्यायचा उपचार आला आणि एचआयव्ही असलेली माणसं जगू लागली. हे पान उलटताना माझा हात दर वेळी थांबतो. त्याआधीच्या काही वर्षांत याच रोगानं पॅरिसमध्ये नाटककार कोपी गेला, कोल्तेस गेला. न्यूयॉर्कला चार्ल्स लडलम. सॅन फ्रान्सिस्कोला रॉबर्ट चेस्ली. आणि 'मार्व्हिन्स रूम' लिहिणारा स्कॉट मॅकफर्सन, तोही 33 व्या वर्षी.

लागार्सच्या मागे उरला मित्र फ्रांस्वा बेर्रर. दोघांनी 1992 मध्ये नाटकं छापायला छोटी प्रकाशनसंस्था काढली होती. बेर्ररनं ती बंद पडू दिली नाही, लागार्सची सगळी नाटकं छापली. वहीचं पुस्तक झालं तेव्हा कुठे ती दुसऱ्यांच्या हाती पडली. 1999 मध्ये लोझानला प्रयोग झाला. 2008 मध्ये तुम्ही पॅरिसच्या कोमेदी-फ्रांसेझमध्ये बसला आहात, मोलिएरच्या घरात, आणि तिथल्या मंचावर लुई दार उघडतो. 2016 मध्ये याच नाटकावरच्या सिनेमाला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळतं.

आता परत झाडीपट्टीत, वडशाला चला. नाटक कंपन्यांची ऑफिसं, हंगामाच्या तारखा, भिंतीवर पोस्टरं. हे नाटक झाडीपट्टीत व्हावं असं मला मनापासून वाटतं. झाडीबोलीतच व्हावं, पुणेरी मराठीत अंत्वानचा राग बेचव होईल. अडचणी आहेतच. नाटकात गाणं नाही, लावणी नाही, हसवणारं पात्र नाही, आणि पहाटेपर्यंत पुरेल एवढा मजकूर नाही. सुझानला गाणं देता येईल. वहिनीच्या मुलांच्या गोष्टीत हशा आहे. आईचं भाषण मात्र कोणी कापू नये. हक्कांसाठी आधी बेझांसोंला, बेर्ररच्या प्रकाशनसंस्थेला, पत्र लिहावं लागेल, ते पावसाळ्यातच लिहायला हवं, कारण दिवाळीच्या तारखा त्याआधीच भरत आलेल्या असतात.