पाणी माणशी, जमिनीमागे नाही

१९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातल्या बाया दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या. त्या दुष्काळाने हललेले पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे नायगावला आले. देवस्थानची माळजमीन कराराने घेतली, बांध घातले, पावसाचं पाणी अडवलं आणि माळ पिकवून दाखवला. त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम मोजके, पण कडक. पाणी माणशी अर्ध्या एकरापुरतं, घरटी फार तर अडीच एकरांचं. खर्चातला २० टक्के वाटा शेतकऱ्यांनी भरायचा. पाण्याचा खादाड ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाणी विकायचं नाही. भूमिहीनालाही हक्काचा वाटा.

पहिला नियम नीट बघा. माणसं मोजायची ठरल्यावर सातबाऱ्यावर नाव नसलेली बाईसुद्धा मोजली गेली!

आज जलजीवन मिशनच्या गाव पाणी समितीत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. तिथे सहीपुरत्या बसू नका. नळ येण्याआधीच विचारा: पाणी कुणाला, किती? आणि उन्हाळ्यात आटलं तर आधी कुणाचं बंद करायचं?