गॅरामॉन्ड इटॅलिक: नुसतं तिरकं नव्हे, वेगळंच अक्षर

मध्यंतरी एका वेबपेजवर मी इंग्रजी मजकुरासाठी ईबी गॅरामॉन्ड लावला आणि पुस्तकांची नावं इटॅलिक केली. डिझायनर मैत्रिणीने बघताक्षणी सांगितलं, "हे इटॅलिक खोटं आहे." कशावरून? तर स्मॉल 'ए'वरून. सरळ गॅरामॉन्डमध्ये हा 'ए' दुमजली असतो. खऱ्या इटॅलिकमध्ये तो आपण हाताने लिहितो तसा एकमजली होतो, आणि 'एफ'चं शेपूट ओळीखाली उतरतं. माझा 'ए' दुमजलीच होता, फक्त कललेला.

चूक माझीच होती. मी फक्त रेग्युलरची फाइल लोड केली होती. इटॅलिकची फाइल सापडली नाही की ब्राउझर सरळ अक्षरंच तिरकी करून दाखवतो. एरर वगैरे काही येत नाही, म्हणून हे लक्षातही येत नाही.

मुळात इटॅलिक आलं हस्ताक्षरातून. व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने १५०१ मध्ये व्हर्जिलचं छोटेखानी पुस्तक पूर्ण इटॅलिकमध्ये छापलं. तो टाइप फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरला होता. म्हणजे तेव्हा इटॅलिक हा स्वतंत्र टाइप होता, कुणाचा जोडीदार नव्हता. गंमत म्हणजे आज गॅरामॉन्ड नावाने मिळणाऱ्या बऱ्याच फॉन्ट्सचं इटॅलिक क्लोद गॅरामॉन्डचं नाहीच. ते रोबेर ग्रांजों या दुसऱ्या फ्रेंच कारागिराच्या कामावर बेतलंय. ईबी गॅरामॉन्डचंही तसंच. त्याच्या नावातलं 'ईबी' म्हणजे एगेनॉल्फ-बर्नर, १५९२ चा फ्रँकफर्टचा टाइप-नमुना. त्यात सरळ अक्षरं गॅरामॉन्डची आणि तिरकी ग्रांजोंची आहेत.

वापरायचं कुठे? पुस्तकांची नावं, परभाषेतला शब्द, मँजिफेरा इंडिकासारखी शास्त्रीय नावं, एखाद्या शब्दावरचा जोर. निमंत्रणपत्रिकेवर तर ते खुलतंच, त्यातलं 'अँड'चं चिन्ह मोठ्या आकारात जरूर बघा. पण स्वस्त मोबाइलवर बारीक आकारात अख्खा परिच्छेद इटॅलिक करू नका. त्याच्या नाजूक रेषा तिथे विरून जातात.

आता आपल्या कामाचं. देवनागरीत अशी इटॅलिकची जुनी परंपरा नाही आणि बहुतेक देवनागरी फॉन्ट्समध्ये इटॅलिकची फाइलच नसते. त्यामुळे मराठी पेजवर इटॅलिक दिलं की तोच खोटा तिरकेपणा दिसतो: शिरोरेषा आडवीच राहते आणि काने मात्र कलंडतात. मला तरी ते वाचवत नाही.

उपाय सोपा आहे. इंग्रजीसाठी इटॅलिकची फाइल वेगळी लोड करा. मराठी मजकुरासाठी सीएसएसमध्ये 'फॉन्ट-सिंथेसिस-स्टाइल'ला 'नन' द्या. मात्र तेवढंच करून थांबलात तर जोर दिलेला शब्द बाकीच्यांसारखाच दिसेल, तेव्हा त्याला ठळक करा किंवा वेगळा रंग द्या.