वणव्याच्या ठिणग्या आणि घराचे बाह्यांग : कॅलिफोर्नियाची बांधकाम संहिता

वणव्याच्या ज्वाला थेट भिडल्यामुळेच घरे जळतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक घरांना पहिली आग लागते ती वाऱ्याबरोबर उडत येणाऱ्या निखाऱ्यांमुळे. हे निखारे मुख्य वणव्याच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात आणि छप्पर, पन्हळ किंवा झरोका यांपैकी एखादी दुबळी जागा गाठतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची बांधकामविषयक नियमावली याच निरीक्षणावर आधारलेली आहे.

नियमावलीची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंड शहराच्या टेकड्यांवर भडकलेल्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे तीन हजार घरे नष्ट झाली. त्यानंतर १९९२ मध्ये झालेल्या कायद्याने, स्थानिक संस्थांच्या हद्दीतील अतितीव्र धोक्याची क्षेत्रे निश्चित करण्याची तरतूद केली. २००८ पासून राज्याच्या इमारत संहितेतील 'प्रकरण ७-ए' लागू झाले. धोक्याच्या क्षेत्रातील नव्या इमारतींची बाह्य सामग्री कशी असावी, हे त्यात सांगितले होते. १ जानेवारी २०२६ पासून या तरतुदी, वनक्षेत्रालगतच्या वस्त्यांसाठी तयार केलेल्या स्वतंत्र संहितेत समाविष्ट करण्यात आल्या आहेत.

राज्याची संहिता ही किमान अट आहे. शहर किंवा काउंटी प्रशासन स्थानिक परिस्थितीनुसार अधिक कडक नियम करू शकते. त्यामुळे बांधकामापूर्वी आपला भूखंड धोक्याच्या नकाशात कोणत्या श्रेणीत येतो, हे पाहणे आणि स्थानिक इमारत विभागाकडून लागू नियमांची खातरजमा करणे आवश्यक ठरते.

छप्पर आणि पन्हळ

घराचा सर्वाधिक उघडा भाग म्हणजे छप्पर. अतितीव्र धोक्याच्या क्षेत्रात 'ए' श्रेणीचे छप्पर बंधनकारक आहे. या श्रेणीच्या चाचणीत सुमारे ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, दोन किलो वजनाचा जळता लाकडी सांगाडा वाऱ्याच्या झोतात छपरावर ठेवला जातो. आग छपरातून खाली उतरता कामा नये. मातीची किंवा काँक्रीटची कौले, धातूचे पत्रे, तसेच काचतंतूयुक्त डांबरी शिंगल योग्य अस्तरासह वापरल्यास ही श्रेणी मिळू शकते. मात्र गोल कौलांच्या कडेला राहणारी पोकळी बुजवावी लागते, कारण तेथे पक्ष्यांची घरटी आणि वाळका पाचोळा साचतो. पन्हळीतही पाने साचू नयेत, अशी व्यवस्था करावी लागते.

भिंती, वळचण आणि झरोके

बाह्य भिंतींसाठी अज्वलनशील सामग्री, किंवा दहा मिनिटे थेट ज्वालेला तोंड देण्याच्या चाचणीत उतरलेली रचना स्वीकारली जाते. सिमेंटचा गिलावा, वीट आणि फायबर सिमेंटच्या फळ्या हे प्रचलित पर्याय आहेत. विनाइलचे आच्छादन उष्णतेने मऊ होऊन गळून पडते आणि आतील थर उघडा पडतो. भिंतीवरून चढणारी ज्वाला वळचणीखाली कोंडली जाते. म्हणून वळचणीचा खालचा भागही संरक्षित असावा लागतो.

पोटमाळ्याचे झरोके हा सर्वांत फसवा भाग. हवा खेळती राहण्यासाठी ते हवेत. पण त्यांतून शिरलेला एखादा निखारा घराला आतून पेटवू शकतो. झरोक्याच्या जाळीची छिद्रे सुमारे १.६ ते ३.२ मिलिमीटर असावीत, असा दंडक आहे. ज्वाला आणि निखारे अडवण्याच्या चाचणीत उतरलेले खास झरोकेही उपलब्ध आहेत. खिडक्यांना दुहेरी तावदाने आणि त्यांपैकी किमान एक कणखर, म्हणजे टेम्पर्ड, काचेचे असावे लागते. साधी काच उष्णतेने तडकली की आगीला आत वाट मिळते.

केवळ सामग्री पुरेशी आहे का?

नोव्हेंबर २०१८ मधील 'कॅम्प फायर' या वणव्याने पॅराडाइझ शहर बेचिराख केले. त्यात ८५ जण मृत्युमुखी पडले आणि १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, तेथील १९९७ पूर्वीच्या एककुटुंबीय घरांपैकी सुमारे साडेअकरा टक्केच वाचली. १९९७ आणि त्यानंतर बांधलेल्या घरांमध्ये हे प्रमाण साडेअडतीस टक्के होते. मात्र २००८ च्या लगेच आधीच्या व नंतरच्या घरांतील फरक सांख्यिकीदृष्ट्या ठळक नव्हता. जळालेले शेजारघर किती जवळ होते आणि सभोवती किती झाडी होती, या बाबी अधिक निर्णायक ठरल्या.

म्हणूनच सामग्रीच्या नियमांना परिसराच्या नियमांची जोड आहे. धोक्याच्या क्षेत्रात घराभोवती १०० फुटांपर्यंत, किंवा हद्दीपर्यंत, वाळके गवत व झुडपे कमी ठेवावी लागतात. घराला चिकटून असलेले लाकडी कुंपण किंवा भिंतीलगत रचलेला सरपणाचा ढीग उत्तम भिंतीलाही निरुपयोगी करू शकतो.

जुन्या घरांचा प्रश्न

ही संहिता प्रामुख्याने नव्या बांधकामाला लागू होते. धोक्याच्या क्षेत्रातील असंख्य घरे तिच्या आधीची आहेत. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील पॅलिसेड्स आणि ईटन या वणव्यांनी १६ हजारांहून अधिक इमारती नष्ट केल्या, तेव्हा या प्रश्नाची तीव्रता पुन्हा दिसून आली. २०१९ च्या कायद्यानुसार, धोक्याच्या क्षेत्रातील २०१० पूर्वीचे घर विकताना त्यातील दुबळ्या बाबींची माहिती खरेदीदाराला देणे बंधनकारक झाले. २०२२ च्या नियमाने, घर सुरक्षित करणाऱ्यांना विमाहप्त्यात सवलत देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले.

खर्चाची भीतीही सर्वस्वी खरी नाही. २०१८ मध्ये मोंटाना राज्यातील किमतींच्या आधारे केलेल्या अभ्यासात, वणवा-प्रतिरोधक नवे घर नेहमीच्या घराइतक्याच खर्चात उभे राहू शकते, असे आढळले. जुन्या घराची संपूर्ण दुरुस्ती मात्र महागात पडते. अशा वेळी झरोक्यांना बारीक जाळी बसवणे, पन्हळी स्वच्छ ठेवणे आणि भिंतीलगतची पाच फुटांची पट्टी मोकळी करणे ही अल्पखर्चाची कामे आधी हाती घ्यावीत आणि छप्पर बदलण्याची वेळ येईल तेव्हा 'ए' श्रेणीचेच निवडावे.