शिवणीची होडी आणि कापडाची कातडी

वसई तालुक्यात तानसा नदीच्या काठी चांदीप नावाचे गाव आहे. तिथून पुढे गेलेले तानसेचे पाणी वैतरणेत मिसळते आणि अर्नाळ्याच्या उत्तरेला समुद्राला मिळते. या मुखापासून थोड्याच अंतरावर सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत या बंदराचे नाव येते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. दगड टिकला, स्तूपाच्या विटा टिकल्या. पण ज्यांच्यामुळे सोपारा हे बंदर होते, त्या होड्यांचे काय? लाकूड आणि दोर यांचा इतिहास मातीत फार काळ राहत नाही. तो शोधायचा तर होड्या दुरुस्त करण्याच्या रीतींकडे पाहावे लागते.

सुरुवात एका दूरच्या होडीपासून करू, कारण तिच्या दुरुस्तीचा तपशील उत्तम नोंदलेला आहे. उत्तर अमेरिकेतील आदिवासी लोक भूर्ज वृक्षाच्या सालीची ‘कनू’ ही होडी बनवीत. (आपल्या भूर्जपत्रांचा वृक्ष हिमालयातला, हा त्याचाच तिकडचा भाऊबंद.) आत पातळ लाकडी फासळ्या, बाहेर झाडांच्या मुळ्यांनी शिवलेली साल आणि सांध्यांवर राळ. होडी इतकी हलकी की एका नदीतून उचलून दुसऱ्या नदीत न्यावी. एकोणिसाव्या शतकात मोठी साल देणारी झाडे दुर्मीळ होऊ लागली, तेव्हा सालीच्या जागी कॅनव्हास आला. अमेरिकेच्या मेन राज्यात बँगोर येथे १८७५च्या सुमारास गेरिश नावाच्या कारागिराने अशा होड्यांचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्याच राज्यातील ओल्ड टाउन कंपनीने त्या मोठ्या प्रमाणावर बनवल्या. प्रत्येक होडीला क्रमांक देऊन तिची नोंद ठेवण्याची कंपनीची पद्धत होती. त्यामुळे माळ्यावर सापडलेल्या जुन्या होडीचेही वय कळू शकते.

हिची रचना पाहण्यासारखी आहे. सीडरच्या फासळ्या वाफेवर धरतात. ओल्या लाकडातील लिग्निन हा घटक उष्णतेने मऊ होतो, फासळी साच्यावर वाकते आणि थंड झाल्यावर तो आकार धरून ठेवते. जाडी एक इंच असेल तर एक तास वाफ, हा कारागिरांचा ढोबळ नियम. फासळ्यांवर जेमतेम चार मिलिमीटर जाडीच्या फळ्या बारीक पितळी चुकांनी ठोकतात. साच्यावर लोखंडी पट्ट्या असतात. त्यांवर आपटून चुकेचे टोक आपोआप वळते आणि उलटे लाकडात शिरते. त्यावर कापड ताणून जवसाचे तेल, सफेदा आणि गारेची वस्त्रगाळ पूड यांचे मिश्रण चोळतात, ते काही आठवडे वाळू देतात आणि मग रंग देतात. (सफेद्यात विषारी शिसे असते, म्हणून आता त्याऐवजी दुसरी द्रव्ये वापरतात.)

हे कापड साधारण वीस-तीस वर्षांनी खराब होते. ते फाडून काढायचे, मोडलेली फासळी बदलायची, कुजलेली फळी काढायची आणि नवे कापड चढवायचे. अनेक लोक हे छंद म्हणून करतात; १९७९ पासून त्यांची एक संघटनाही आहे. होडीची कातडी मुळातच बदलण्यासाठी असते, हे त्या रचनेतच गृहीत धरलेले आहे.

महायुद्धानंतर अॅल्युमिनियमच्या आणि मग फायबरग्लासच्या होड्या आल्या. काही मालकांना वाटले, कापड पुन्हा पुन्हा बदलण्यापेक्षा लाकडावरच फायबरग्लास चिकटवले की काम कायमचे झाले. इथे घोटाळा होतो. ओलीप्रमाणे लाकूड फुगते आणि आकसते. वरचा कडक थर तसे करत नाही. कुठेतरी बारीक भेग पडते, पाणी आत जाते आणि अडकून राहते. लाकडातील ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली असेल तर ते कुजवणारी बुरशी वाढत नाही. अडकलेल्या पाण्यामुळे ती मर्यादा सहज ओलांडली जाते. शिवाय तो थर काढताना पातळ फळ्याही सोलून निघतात. कायमची म्हणून केलेली दुरुस्ती पुढच्या प्रत्येक दुरुस्तीची वाट बंद करते. (वर्गात करून पाहा: एकाच फळीचे दोन सारखे तुकडे रात्रभर भिजवा, एक उघडा ठेवा, दुसरा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि आठवडाभर रोज दोन्हींचे वजन करा.)

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ. अरबी समुद्रातील जुन्या होड्या खिळ्यांनी जोडलेल्या नसत, शिवलेल्या असत. फळ्यांच्या कडांना भोके पाडायची, सांध्यावर काथ्याची जाड वळी ठेवायची, तिच्यावरून काथ्याची दोरी आवळायची आणि भोके राळेने बुजवायची. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजे पाहिली आणि त्यांना अगदीच सुमार ठरवले. काथ्या खाऱ्या पाण्यात खराब होत नाही, हे मात्र त्यानेही मान्य केले.

खिळे का नव्हते? लोकांची समजूत अशी होती की समुद्रात चुंबकाचे खडक असून ते खिळे उपसून काढतात. सहाव्या शतकातील इतिहासकार प्रोकोपियसने ही समजूत फार सुंदर खोडून काढली. तांबड्या समुद्रातील रोमन जहाजांत भरपूर लोखंड असते, त्यांना कधी काही होत नाही, मग हिंदी जहाजांनाच का व्हावे? यापुढे तो म्हणतो की हिंदी लोकांकडे लोखंडच नाही. त्याचा पहिला युक्तिवाद शाळेत शिकवावा असा आहे, दुसरा मात्र साफ चुकीचा. सोपाऱ्याचे नाव सांगणाऱ्या त्याच ‘पेरिप्लस’मध्ये आरिआके प्रदेशातून, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते गुजरात-उत्तर कोकणाच्या परिसरातून, लोखंड आणि पोलाद आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात असल्याचे लिहिले आहे. लोखंड विकणारा मुलूख लोखंडाअभावी होड्या शिवत होता, हे पटत नाही.

माझ्या मते उत्तर दुरुस्तीत आहे. लाकडातला खिळा खाऱ्या पाण्याने गंजतो, गंज फुगतो आणि भोवतालचे लाकूडही नासवतो. काथ्यात लिग्निनचे प्रमाण मोठे असल्याने तो खाऱ्या पाण्यात बराच टिकतो, आणि झिजला की टाके कापून नवे घालता येतात. फळी तीच राहते. शिवाय वाळूवर आपटताना शिवलेली होडी थोडी लवचीक राहते, फुटत नाही. म्हणजे कनूत जे काम कापडाचे, तेच इथे काथ्याचे. लवकर झिजणारा भाग वेगळा आणि स्वस्त ठेवायचा, टिकाऊ भाग वाचवायचा.

मालवणच्या बाजूला आणि गोव्यात रापणीच्या होड्या अशाच शिवत असत. आता तिथे फायबरच्या होड्या दिसतात. मच्छीमाराला त्या परवडतात, त्यांना देखभाल कमी लागते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण वापर थांबला की हातातले ज्ञानही थांबते. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील चित्रावरून एक शिवलेले जहाज गोव्यात दिवाडी बेटावर बांधण्याचे काम २०२३ मध्ये सुरू झाले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात आले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. त्याचा जुना आराखडा कुठेच नव्हता. शीड आणि सुकाणू चित्रावरून ठरवता आले, जहाजाच्या वर्तनाच्या चाचण्या मद्रासच्या आय.आय.टी.त घेता आल्या. टाका कसा घालायचा, हे चित्रातून कळत नाही. ते काम केरळातून आलेल्या बाबू शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.