तळेगावची काच : पैशापैशातून उभे राहिलेले खुले तंत्रज्ञान

१/ एखाद्या यंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला करायचा, कोणीही ते बनवावे आणि सुधारावे, या विचाराला आज ‘ओपन सोर्स हार्डवेअर’ म्हणतात. मात्र तंत्रज्ञान कोणाच्या मालकीचे, हा त्यामागचा प्रश्न मावळातील तळेगाव दाभाडे येथे शतकापूर्वीच उभा राहिला होता.

२/ अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभे राहावेत. लोकमान्य टिळकांनी या ‘पैसा फंडा’ला बळ दिले. १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

३/ कारखान्याची तांत्रिक धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांनी वाहिली. ते जपान आणि अमेरिकेत शिकून आले होते. परदेशात मिळवलेली विद्या मावळातल्या भट्टीपाशी आली.

४/ काचेचे घटक सांगता येतात : वाळू, सोडा, चुना. पण रस फुंकनळीवर केव्हा घ्यावा, किती फुंकावा, साच्यातून केव्हा काढावा, हे कागदावर पूर्ण उतरत नाही. ते हाताला शिकवावे लागते. म्हणूनच तळेगावचा कारखाना ही शाळाही होती.

५/ तेव्हा १८८८ चा कायदा नव्या शोधाला १४ वर्षांची मक्तेदारी देत असे. कारागिराच्या हातातील कौशल्याला मात्र कोणतेही पेटंट लागू होत नव्हते. येथे शिकलेले लोक पुढे इतर प्रांतांतील कारखान्यांत गेले. स्वतः वार्ष्णेय यांनीही संयुक्त प्रांतात बहजोई येथे काच कारखाना उभारला.

६/ एका खासगी मालकाला हे नुकसान वाटले असते. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थेसाठी मात्र हेच यश होते. पैसा सर्वांचा, म्हणून विद्याही सर्वांची.

७/ आजचा पेच येथून कळतो. कॉपीराइट आराखड्याच्या रेखाटनाला मिळतो. त्यावरून बनलेल्या उपयुक्त वस्तूच्या कार्याला नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १५ नुसार, नोंदणीयोग्य पण न नोंदवलेल्या डिझाइनची वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक वेळा बनली, की त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो.

८/ त्यामुळे सॉफ्टवेअरचा परवाना यंत्राला जसाच्या तसा चालत नाही. ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेने २०११ मध्ये हार्डवेअरसाठी वेगळा परवाना काढला. २०२० च्या आवृत्तीत त्याचे तीन प्रकार झाले. त्यांतील सर्वांत कडक प्रकारात, बदललेले यंत्र इतरांना देणाऱ्याला सुधारित आराखडाही त्याच अटींवर खुला करावा लागतो.

९/ तळेगावहून बाहेर पडलेल्यांवर कायद्याने असे बंधन नव्हते. शिकलेली विद्या पुढे द्यावी की दडवावी, हे ज्याचे त्याच्यावर होते. परवाना ती जबाबदारी लेखी करतो. पण आराखडा खुला झाला तरी शिकवणारा हात लागतोच, हा तळेगावच्या भट्टीचा धडा कोणताही परवाना बदलू शकत नाही.