ड्रमवरची शेवटची स्टेन्सिल

पेडण्यातल्या एका शाळेच्या माळ्यावरून सायक्लोस्टाईलचं मशीन खाली उतरवलं, तेव्हा शेवटची स्टेन्सिल ड्रमवर तशीच चिकटलेली होती. शाई वाळून ड्रमची छिद्रं बुजलेली. ती सोडवायला रॉकेल हवं. पण रॉकेलने स्टेन्सिलचं मेणच विरघळतं. म्हणून आधी फोटो काढला, मग बोट-बोटभर करत ती सोडवली. एक कोपरा फाटलाच.

उजेडाला धरली तर चौथीची गणिताची प्रश्नपत्रिका, हाताने कोरलेली. एक माजी विद्यार्थी बघताक्षणी म्हणाले, "हे आमच्या गुरुजींचंच अक्षर. तो 'ळ' बघा!"

पोर्तुगीज अमलात सेन्सॉरच्या नजरेतून लग्नपत्रिकासुद्धा सुटत नसे. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, १९६३त भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि पेडणे-डिचोलीच्या गावागावांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शाळांचे असे कागद कोण जपून ठेवणार? परीक्षा झाली की रद्दीत.

ड्रम मग रॉकेलच्या चिंधीने पुसला, छिद्रं मऊ ब्रशने मोकळी केली. सुई घालू नये. भोक मोठं होतं आणि तिथे शाईचा ठिपका पडतो. शाईचं कापडी पॅड कुजलेलं होतं, ते बदललं.

डिचोलीकडे कुणाच्या माळ्यावर असं मशीन असेल, तर रॉकेलची बाटली उघडण्याआधी आम्हाला कळवा.